पुलाला छप्पर कशाला? पार्क काउंटी, इंडियाना

आई-बाबा सांगलीहून आलेत म्हटल्यावर शिकागो, नायगारा हे सगळं मागच्या वेळी उरकलेलं होतं, आणि बाबांना तसंही उंच बिल्डिंगा बघून कंटाळा येतो. पीडब्ल्यूडीत नोकरी झाली सगळी, त्यामुळे रस्ता, मोरी, पूल दिसला की गाडी हळू घ्यायला लावणारा माणूस. म्हणून मीच ठरवलं की ऑक्टोबरात लेकाला फॉल ब्रेक आहे तर त्यांना पार्क काउंटीला (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) न्यायचं. आमच्या घरापासून दीड तास पण नाही, इतकी वर्षं इंडियानापोलिसमधे राहून आम्ही गेलो नव्हतो, जवळचं असलं की राहूनच जातं.

एका ओळीत सांगायचं तर इथे लाकडी पूल आहेत ज्यांना घरासारखं छप्पर आणि भिंती असतात. कव्हर्ड ब्रिज. पूर्ण इंडियाना राज्यात आता शंभराच्या आत उरलेत आणि त्यातले ३१ ह्या एका काउंटीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून दहा दिवस इथे कव्हर्ड ब्रिज फेस्टिव्हल असतो, लाखो माणसं येतात, म्हणून आम्ही मुद्दाम एक दिवस आधी गुरुवारीच निघालो.

गुरुवार

यूएस ३६ हा हायवे पकडला की सरळ पश्चिमेला जात राहायचं. दोन्ही बाजूला मका नाहीतर सोयाबीन, अर्धं काढलेलं अर्धं उभं. रॉकव्हिलच्या आधी डावीकडे ५९ नंबरचा रस्ता लागतो तो घेतला की मॅन्सफील्ड. गाव म्हणजे काय, एक जुनी पिठाची गिरणी, एक पूल आणि उद्यासाठी तंबू ठोकत असलेली माणसं. तंबू मात्र ढीगभर. बिग रॅकून क्रीक नावाचा ओढा आहे, ओढा म्हणायला मोठा आणि नदी म्हणायला लहान, त्याच्यावर लाल रंगाचा लांबलचक पूल, तोंडाला पांढरा रंग. १८६७ चा. मधे एकच पिअर, म्हणजे पाण्यातला खांब, त्यामुळे दोन स्पॅन, म्हणजे गाळे, मिळून अडीचशे फुटांच्या आसपास.

आई म्हणाली, "अगं हे तर गोदाम आहे." खरंच बाहेरून तसंच दिसतं. आत शिरल्यावर एकदम अंधार, मग डोळे सरावले की दोन्ही बाजूला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली प्रचंड लाकडी कमान दिसते. लेक म्हणाला छप्पर कशाला, पावसात माणसं भिजू नयेत म्हणून का? नवरा म्हणाला, घोड्यांना खालचं पाणी दिसून ते बुजू नयेत म्हणून. हे उत्तर इथे बरेच जण देतात. बाबा काहीच बोलले नाहीत, ते खाली वाकून कमानीचं टोक जिथे दगडी अबटमेंटमधे, म्हणजे काठावरच्या आधाराच्या भिंतीत, जातं तिथे टॉर्च मारून बघत होते. मग उठले आणि म्हणाले, "माणसांसाठी कोण एवढा खर्च करतंय. छप्पर पुलासाठी आहे."

तर ते असं आहे. लाकडी पुलाची सगळी ताकद बाजूच्या कैच्यांमधे असते, म्हणजे उभे खांब, तिरके दांडे, वरची आणि खालची तुळई. हे सगळं एकमेकांत खाच पाडून बसवलेलं. त्या खाचेत पावसाचं पाणी गेलं की ते वाळत नाही आणि लाकूड आतून कुजतं. उघडा ठेवलेला लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत खिळखिळा होतो, तोच झाकला तर शंभर वर्षं सहज जातो. पत्रा नाहीतर लाकडी कौलं आणि बाजूच्या फळ्या ह्या स्वस्त, त्या सडल्या तर बदलायच्या, आतला महागाचा सांगाडा कोरडा राहिला की झालं. खालची फळी पण बदलता येते. म्हणजे जे मरणार आहे ते बाहेर ठेवायचं आणि जे जगवायचंय ते आत. बाबा हे सांगताना इतके खूश होते की मी मधे बोललेच नाही.

गंमत म्हणजे छप्पर असल्यामुळे हिवाळ्यात बर्फ आत पडायचा नाही, आणि तेव्हा वाहतूक सगळी घसरगाड्यांची, त्या कोरड्या फळीवर चालणार कशा? म्हणून माणसं लावून फावड्याने बाहेरचा बर्फ आत आणून पसरायचे. एवढं छप्पर घालायचं आणि वर बर्फ आत टाकायला मजुरी पण द्यायची. लेकाला हे फार आवडलं, त्याने ते दिवसभर सगळ्यांना सांगितलं, अगदी तंबू ठोकणाऱ्या काकांना पण.

मॅन्सफील्डहून ब्रिजटन, त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला. हे गाव फोटोतलं वाटतं. पूल, शेजारी बंधाऱ्यावरून पडणारं पाणी आणि काठावर गिरणी. इथे गिरणी १८२३ पासून आहे, आत्ताची इमारत १८७० ची, आणि अजून दगडी जात्यावर दळतात. आईने तिथून मक्याचं पीठ घेतलं, बोटाच्या चिमटीत धरून बघितलं आणि "जरा जाडसर आहे, पण भाकरी होईल" असं सर्टिफिकेट दिलं.

पण ब्रिजटनचा पूल बघून मी जरा हिरमुसले होते, आधी वाचून गेले होते म्हणून. मूळ पूल १८६८ चा. तो २८ एप्रिल २००५ ला कुणीतरी पेटवून दिला, सगळा जळून पाण्यात गेला. आत्ताचा २००६ मधला. म्हणजे माझ्या लेखी डुप्लिकेट. लोकांनी पैसे गोळा केले, लाकडं दिली, तीच लांबी, तीच कमानीची पद्धत, आणि दीड वर्षाच्या आत फेस्टिव्हलच्या टायमाला पूल उभा. बाजूला काँक्रीटचा पूल आधीपासून होता, गाड्या त्याच्यावरूनच जात होत्या, म्हणजे गरज म्हणाल तर काहीच नव्हती.

बाबांना विचारलं, तुम्हाला नाही वाटत नकली? ते म्हणाले, "नकली कसा? जुन्या पुलात तरी १८६८ चं लाकूड किती राहिलं असेल? फळी बदलली असेल, छप्पर बदललं असेल, खालची तुळई जोडली असेल. कमान अशी करायची कशी हे ज्याला येतं तो माणूस अजून गावात आहे का ते बघ. इथे तो होता." मला पूर्ण पटलं नाही. जुनं ते जुनंच. पण हेही खरं की २००२ मधे ह्याच काउंटीतला जेफ्रीज फोर्ड नावाचा पूल जळाला, तो परत बांधलाच नाही, आणि आज तिथे बघायला कोण जातं.

रात्री रॉकव्हिलपासून थोडं बाहेर मुक्काम. आईने आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. झोपा.

शुक्रवार

सकाळी रॉकव्हिलच्या जुन्या रेल्वे डेपोत व्हिजिटर सेंटर आहे तिथून नकाशा घेतला. हा घ्याच, कारण आतल्या रस्त्यांवर फोनला रेंज नसते. नकाशात पाच रंगांचे पाच रूट आहेत, लाल, काळा, तपकिरी, पिवळा, निळा, आणि रस्त्यावर त्या त्या रंगाच्या पाट्या. काही रस्ते खडीचे आहेत, गाडी धुळीने पांढरी होते, तयारी ठेवा.

आज वायव्येकडचे पूल. इथे आम्हाला एक खेळ सापडला. काउंटीतले बरेचसे पूल दोनच माणसांनी बांधलेत, जे. जे. डॅनिएल्स आणि जे. ए. ब्रिटन, दोघंही रॉकव्हिलला राहणारे. डॅनिएल्सच्या पुलाचं तोंड गोल कमानीचं असतं, ब्रिटनचं चौकोनी आणि वरचे दोन कोपरे तिरके छाटलेले. तर गाडीतून लांबून पूल दिसला की ओरडायचं, "डॅनिएल्स!" नाहीतर "ब्रिटन!" लेक आणि आजोबा एका टीममधे, मी आणि नवरा एका. आई अंपायर, तिच्याकडे नकाशा. आम्ही हरलो.

वेस्ट युनियन हा सगळ्यात लांब, १८७६ चा, शुगर क्रीकवर, दोन स्पॅन, ३१५ फूट. डॅनिएल्स. ह्याला २०१६ मधे नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा दर्जा मिळाला. गाड्यांना बंद आहे, शेजारून नवीन पूल जातो. आम्ही गेलो तेव्हा तिथे आम्ही आणि एक कुत्रा एवढेच. मधोमध उभं राहिलं की दोन्ही टोकांना उजेडाचा तुकडा दिसतो आणि फटीतून खालचं पाणी. कबुतरं आहेत भरपूर.

इथे बाबांनी ती कमानीची भानगड नीट समजावली. ह्या पद्धतीला बर आर्च ट्रस म्हणतात, थिओडोर बर नावाच्या अमेरिकन माणसाची, त्याचं पेटंट १८१७ चं. नुसती कैची घेतली तर लांब स्पॅनला मधे झोल येतो. नुसती कमान घेतली तर ती वरून एकसारखं वजन असलं की छान, पण एखादी जड बैलगाडी एका बाजूला आली की कमान दुसऱ्या बाजूला उचलते. बरने दोन्ही एकत्र बांधले, कैची मधे आणि तिच्या दोन्ही अंगांना कमानी, बोल्ट मारून एकत्र. कमान वजन घेते, कैची कमानीला हलू देत नाही. बाबा म्हणाले की ह्यातलं गणित आजही पोरांना अवघड जातं, कुठला भार कमानीने घेतला आणि कुठला कैचीने हे वेगळं काढणं सोपं नाही, आणि डॅनिएल्सने ते अंदाजाने आणि अनुभवाने केलं. लाकूड कुठलं तर ट्यूलिप पॉपलर, इथलंच झाड, सरळसोट उंच वाढतं, इंडियानाचं राज्यवृक्षसुद्धा तेच.

मग जॅक्सन ब्रिज. १८६१. आम्ही आत्तापर्यंत बघितलेल्यांतला सगळ्यात जुना आणि माझा सगळ्यात आवडता. कारण सांगते. एक म्हणजे ह्याच्यावरून आजही गाडी जाते. दुसरं म्हणजे मधे पिअरच नाही, एकाच स्पॅनमधे दोनशे फुटांच्या आसपास, १८६१ मधे, लाकडात. आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव होऊन चार वर्षं झालेली तेव्हा, आणि इथे त्यांचं सिव्हिल वॉर नुकतं पेटलेलं. आम्ही गाडीने अगदी हळू गेलो, फळ्यांचा खडखड आवाज आणि आत मातीचा वास. आई डोळे मिटून बसली होती. "लाकडाच्या पुलावरून गाडी नको रे बाबांनो."

पुलाच्या तोंडावर लिहिलेलं असतं, क्रॉस धिस ब्रिज अ‍ॅट अ वॉक. घोडा पळवू नका, चालवत न्या. लेकाला वाटलं स्पीड लिमिट. बाबा म्हणाले तसंच समज, पण कारण वजनाचं नाही, तालाचं आहे. घोडे दुडक्या चालीने गेले की टापा एका तालात पडतात आणि पूल त्या तालात हलायला लागतो, पलटणीला पुलावर कदमताल मोडायला लावतात ते ह्याच्यासाठीच. आणि खरंच मगाशी येताना रस्त्यावर घोड्याची बग्गी दिसली होती, इथे अमिश लोकांची, म्हणजे मोटार न ठेवता घोडागाडीच वापरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, वस्ती आहे, ते मूळचे इथले नाहीत, १९९० च्या दशकात पेन्सिल्वेनियाच्या लँकेस्टरकडून शेतीला जमीन हवी म्हणून आले. करड्या रंगाची बंद बग्गी. म्हणजे ती पाटी अजून कामाची आहे. फोटो काढायचा मोह झाला पण त्यांना आवडत नाही, म्हणून काढला नाही.

तिथून कॉक्स फोर्ड. ब्रिटनचा, १९१३ चा. १९१३! तोपर्यंत मोटारी आल्या होत्या, लोखंडी पूल सर्रास होते. इथे पण लोखंडीच होता, त्या वर्षी मार्चमधे इंडियानात महापूर आला त्यात तो वाहून गेला, आणि मग लोकांनी त्याच्या जागी परत लाकडी बांधला. बाबा ह्यावर बराच वेळ गप्प होते. आमच्या सांगलीत पुराचं माप आयर्विन पुलावर सांगतात, "आयर्विनला किती फूट झालं" हा पावसाळ्यातला पहिला प्रश्न. तो १९२९ चा दगडी. बाबांनी पुढे जाऊन पाणी पुलाच्या तळापर्यंत किती खाली आहे ते नजरेने मोजलं आणि म्हणाले, "उंची बरी ठेवलीय ह्याने."

संध्याकाळी रॉकव्हिलला कोर्टाच्या चौकात आलो तर फेस्टिव्हल सुरू झालेला आणि गर्दी बघून जीव दडपला. पार्किंग कुणाच्यातरी अंगणात, पैसे रोख. स्टॉलच स्टॉल, त्यातले निम्मे जुन्या कपबशा आणि हॅलोवीनच्या वस्तूंचे, त्यांचा पुलाशी काही संबंध नाही. शाकाहारी माणसाला पर्याय कमी पण उपाशी राहत नाही. हॅम अँड बीन्स सगळीकडे, ते आपल्या कामाचं नाही. पण अ‍ॅपल बटर घ्या. ह्यात बटर नसतं, सफरचंदं मोठ्या तांब्याच्या कढईत लाकडाच्या जाळावर तासन् तास आटवतात, लांब दांड्याने एक माणूस सतत ढवळत उभा, अगदी गुऱ्हाळातल्या काहिलीसारखं. आईने दोन बरण्या घेतल्या. पर्सिमन पुडिंग पण खाल्लं, जंगली पर्सिमन नावाच्या फळाचं, दाट, तपकिरी, मला फार गोड झालं, बाबांनी माझंही संपवलं.

शनिवार

आज गर्दी मॅन्सफील्ड आणि ब्रिजटनला असणार हे माहीत होतं, तासन् तास गाड्या अडकतात म्हणे, म्हणून आम्ही उलट्या दिशेला, टर्की रन स्टेट पार्क. यूएस ४१ ने उत्तरेला.

इथे वालुकाश्माच्या अरुंद घळी आहेत आणि मधून शुगर क्रीक वाहतो. झुलत्या पुलावरून पलीकडे गेलं की ३ नंबरची ट्रेल, तिच्यात शिड्या आहेत आणि पाण्यातून चालायचं. नवरा आणि लेक तिकडे गेले, चिखलाने माखून आले. मी आई-बाबांना घेऊन अलीकडच्या काठाने नॅरोज ब्रिजकडे.

नॅरोज म्हणजे ओढा जिथे दोन खडकांत अरुंद होतो ती जागा. पूल १८८२ चा, ब्रिटनचा. गाड्यांना बंद, बाजूला नवा पूल. ह्याची जागा ३१ मधे पहिल्या नंबरची, मला विचाराल तर. खाली हिरवट पाणी, खडक, वर पिवळी लाल झाडं आणि मधे हा. इथल्या खडकाजवळ सालमन लस्क नावाच्या माणसाने १८२६ मधे गिरणी टाकली, ती १८४७ च्या पुरात गेली, घर मात्र वर उंचावर बांधलं ते अजून आहे. त्याच्या मुलाने, जॉन लस्कने, सगळ्या आजूबाजूच्यांनी जंगल तोडून लाकूड विकलं तरी आपली झाडं विकली नाहीत. तो १९१५ मधे वारला आणि जमिनीचा लिलाव लागला. पुढची गोष्ट बाबांना मी सांगितली, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी सांगायला मिळालं. रॉकव्हिलच्याच ज्युलिएट स्ट्रॉस नावाच्या पत्रकार बाईंनी हे जंगल वाचवा म्हणून मोहीम चालवलेली. तरी मे १९१६ च्या लिलावात लाकूड कंपनीने ३०,२०० डॉलरला बोली जिंकली. सगळं संपलं असं वाटलं, आणि मग त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टेट पार्कच्या समितीने त्याच कंपनीकडून ते ४०,२०० ला विकत घेतलं. सहा महिन्यांत दहा हजार फायदा. "दलाल सगळीकडे सारखेच," आई म्हणाली.

पुलाच्या आत नावं कोरलेली, बदाम काढलेले, ते आपल्याकडच्या किल्ल्यांवर असतात तसे इथेही आहेत. बाबांनी एका ठिकाणी हात ठेवून दाखवलं, तिरक्या दांड्याच्या टोकाला वेगळ्या रंगाचा तुकडा, नवीन लाकूड जोडलेलं. जुना काळपट, नवा फिकट. मग बाकावर बसून बोलायला लागले. की आमच्याकडे पूल बांधताना नारळ फुटतो, फोटो येतो, आणि मग तीस वर्षं कुणी खाली उतरून बघत नाही. मेंटेनन्सचं बजेट मागितलं की साहेब म्हणायचे पूल उभा आहे ना, मग. २०१६ मधे महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल रात्री पुरात गेला, एसट्या आणि गाड्या त्याच्यासोबत, ते टीव्हीवर बघून बाबा जेवले नव्हते हे मला आईने तेव्हा फोनवर सांगितलं होतं. इथे ते त्याचं नाव घेऊन पुढे काही बोलले नाहीत.

सोळा हजाराच्या आसपास वस्तीची काउंटी आहे ही. आणि ३१ लाकडी पूल सांभाळायचे. तेव्हा ते कपबशांचे स्टॉल आणि अंगणातलं रोख पार्किंग ह्यांच्याबद्दल काल मी जे बोलले ते थोडं मागे घेते. थोडंच.

रविवार

परत निघायच्या आधी बाबांना एकच बघायचा होता, नकाशात सगळ्यात लहान लिहिलेला, फिलिप्स ब्रिज. १९०९, ब्रिटन, ४३ फूट. कमान नाही, नुसती कैची, एवढ्याशा लांबीला कमान लागतच नाही. तोंडं चौकोनी, कोपरे छाटलेले, लेकाने लांबूनच ओरडून पॉइंट घेतला. आम्हा सगळ्यांना हसू आलं, एवढ्याशा ओढ्यावर एवढंसं घर. आई म्हणाली एका उडीत पार होईल, ह्याला कशाला छप्पर?

"अहो, लहान पुलाचं लाकूड कुजत नाही का," बाबा म्हणाले, आणि खाली उतरून अबटमेंट बघायला गेले. आम्ही वर गाडीत बसून उरलेले धपाटे संपवले. परतीला यूएस ३६ आमच्या बाजूने मोकळा होता, समोरून मात्र गाड्यांची रांग डॅनव्हिलपर्यंत. जायचं असेल तर आठवड्याच्या मधे जा, रोख पैसे ठेवा, आणि जॅक्सन चुकवू नका.